लोकप्रतिनिधींची नोंद आणि कोरा रकाना

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्या एका अभ्यासवर्गात महसूल खात्यातील एका निवृत्त अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



भ्रष्टाचारावर बोलावयास आपल्याकडे कोणी कचरत नाही. पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, कार्यालयाच्या व्हरांड्यात हा विषय निघाला की प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काहीतरी असते. परंतु बोलणे आटोपले म्हणजे हाती काय उरते, याचा विचार केला, तर बहुतेक वेळा केवळ कुजबुज उरते असेच म्हणावे लागेल. कुजबुजीने दोषी माणसाला शिक्षा होत नाही आणि निर्दोष माणसाची मात्र बदनामी होते. म्हणून या कुजबुजीला पर्याय काय, याविषयी आज मी आपणांसमोर काही विचार मांडणार आहे. तो पर्याय म्हणजे लोकप्रतिनिधींची उघडी नोंद.

प्रारंभी माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एका मतदारसंघाचा निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मी काम पाहत होतो. उमेदवारांनी अर्जासोबत दिलेली शपथपत्रे नियमाप्रमाणे कार्यालयाबाहेरील सूचना फलकावर लावली होती. लोक येत, कोण कोण उभे आहेत हे पाहत आणि निघून जात. शपथपत्रे वाचण्यासाठी थांबलेला मला एकच माणूस दिसला. जवळच्याच गावचे ते निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या हाती एक वही होती. वहीच्या डाव्या पानावर एका उमेदवाराच्या २००४ च्या शपथपत्रातील आकडे त्यांनी आधीच उतरवून आणले होते आणि उजव्या पानावर ते २००९ चे आकडे उतरवीत होते.

मी त्यांना आत बोलावून चहा दिला. ते म्हणाले, "साहेब, यांची जमीन पाच वर्षांत वाढलेली दिसते. ती कशी वाढली, हे मी त्यांनाच विचारणार आहे. पण हा शासकीय देण्यांचा रकाना कोरा आहे. कोरा म्हणजे देणे नाही, की देणे सांगावयाचे नाही?"

मजजवळ उत्तर नव्हते. शपथपत्र जोडले आहे, त्यावर सही आहे, नोटरीचा शिक्का आहे, एवढे मी तपासले होते. रकाने भरले आहेत की नाहीत, हे मी पाहिलेच नव्हते. गुरुजींनी माझ्या टेबलावरील काम माझ्यापेक्षा अधिक काळजीपूर्वक केले होते, हे मला मान्य करावेच लागले.

पुढे गावच्या प्रचारसभेत गुरुजींनी दोन्ही प्रश्न उभे राहून विचारले. जमिनीच्या प्रश्नाला उमेदवाराने तेथेच उत्तर दिले. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली होती. त्याचा फेरफार त्यांनी सर्वांसमोर दाखविला. गावात कित्येक महिने चाललेली कुजबुज त्या एका कागदाने थांबली. कोऱ्या रकान्याविषयी मात्र त्यांनी उत्तर दिले नाही, आणि उत्तर दिले नाही हे साऱ्या गावाने पाहिले.

नोंद उघडी करण्याने काय साधते, हे या लहानशा प्रसंगात सर्व आले आहे. ज्या बाबतीत माणूस स्वच्छ होता, त्या बाबतीत नोंदीने त्याचे रक्षण केले. ज्या बाबतीत तो मौन पाळू इच्छीत होता, त्या बाबतीत नोंदीने त्याला उघडे पाडले. मात्र वाचणारे गुरुजी नसते, तर यांपैकी एकही गोष्ट घडली नसती.

संसदेच्या कामकाजाचा धडा

लोकप्रतिनिधीची नोंद म्हणजे केवळ मालमत्तेची यादी, असा आपला समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः त्याची पहिली नोंद सभागृहात होते. त्याने कोणता प्रश्न विचारला, कोणती दुरुस्ती सुचविली, कोणत्या बाजूने भाषण केले, हे कामकाजात लिहिले जाते आणि ते मागाहून नाकारता येत नाही.

याचे पहिले मोठे उदाहरण १९५१ सालचे आहे. हंगामी संसदेचे मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशन या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिच्या हिताचे काम केले, असा आरोप होता. पंतप्रधान पंडित नेहरू यांनी स्वतः या प्रकरणाच्या चौकशीसाठी समिती नेमण्याचा प्रस्ताव मांडला. समितीचे अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी होते. समितीने मुदगल यांचे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरविले. मुदगल यांनी राजीनामा दिला. तरीही ते हकालपट्टीस पात्र होते असे संसदेने ठरावाद्वारे सप्टेंबर १९५१ मध्ये नमूद करून ठेवले. राजीनाम्याने प्रकरण मिटले असे मानले नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण मुंदडा प्रकरणाचे. संसदेतील कामकाजाचे खरे वृत्त प्रसिद्ध करणाऱ्यास संरक्षण देणारा कायदा १९५६ साली झाला. तो खासगी विधेयकाच्या रूपाने फिरोज गांधी यांनी आणला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी लोकसभेत आयुर्विमा महामंडळाच्या व्यवहाराचा प्रश्न उपस्थित केला. महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे भाग खरेदी केले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगापुढे चौकशी झाली. ही सुनावणी बंद दाराआड न होता जनतेसमोर झाली आणि वृत्तपत्रांतून ती घरोघरी वाचली गेली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले. ते अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी हेच होते. सात वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या समितीच्या अध्यक्षालाही उघड्या चौकशीला सामोरे जावे लागले. नोंद माणूस पाहत नाही, हेच तिचे बळ होय.

फिरोज गांधींचा तो कायदा आणीबाणीच्या काळात रद्द झाला. १९७७ साली तो पुन्हा करण्यात आला आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्या संरक्षणाला राज्यघटनेतच स्थान मिळाले. ज्या काळात नोंदी मिटविल्या जातात, तो काळ नागरिकांच्या अन्य अधिकारांनाही कठीण असतो, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

एवढे होऊनही डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणी लोकसभेच्या १० आणि राज्यसभेच्या एका सदस्याची हकालपट्टी करावी लागली. ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने असा निर्णय दिला की, मत देण्यासाठी अथवा भाषण करण्यासाठी लाच घेणाऱ्या सदस्याला सभागृहाच्या विशेषाधिकाराचा आश्रय घेता येणार नाही. १९९८ चा याविरुद्धचा निर्णय त्यामुळे रद्दबातल झाला.

मतदाराला जाणून घेण्याचा अधिकार

आता शपथपत्राकडे वळू. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या व्यक्तीवर कोणते खटले आहेत, तिची मालमत्ता किती आहे, हे जाणून घेण्याचे कोणतेही अधिकृत साधन फार काळ मतदाराजवळ नव्हते. १९९९ साली अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांनी पुढाकार घेऊन स्थापन केलेल्या 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ मे २००२ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, उमेदवाराविषयी माहिती मिळविणे हा मतदाराच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे. ज्याला माहिती नाही, तो आपले मत खऱ्या अर्थाने व्यक्तच करू शकत नाही, अशी ही विचारसरणी आहे.

यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली; परंतु तिच्यात असेही एक कलम घातले गेले की, न्यायालयाने काहीही म्हटले असले तरी कायद्यात सांगितलेल्या माहितीपलीकडे उमेदवाराने काहीही देण्याची आवश्यकता नाही. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता, देणी, शैक्षणिक पात्रता, तसेच शिक्षा व प्रलंबित फौजदारी खटले शपथेवर सांगावे लागतात. खोटी माहिती देणाऱ्यास अथवा माहिती लपविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

आमच्या गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास मात्र २०१३ साल उजाडले. त्या वर्षी १३ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शपथपत्रातील रकाना कोरा सोडणे म्हणजे मतदाराचा अधिकार निरर्थक करणे होय. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवारास रकाने भरण्याची आठवण द्यावी आणि तरीही ते कोरे राहिले तर अर्ज नामंजूर करावा. हा निर्णय वाचताना मला त्या वहीची आठवण झाली. चार वर्षांपूर्वी जो प्रश्न एका खेड्यातील शिक्षकाला सुचला होता, त्याच प्रश्नाचे हे उत्तर होते.

शपथपत्र वाचावे कसे

येथे बसलेल्या शिक्षकांना माझे विशेष सांगणे आहे. शपथपत्र हे वाचावयास कंटाळवाणे असते, यात शंका नाही. पण ते एकटे वाचावयाचे नसतेच. त्याला जोडी लागते. एकाच व्यक्तीची दोन निवडणुकांतील शपथपत्रे शेजारी ठेवावी. मालमत्ता किती वाढली, हा पहिला प्रश्न. त्या वाढीला पुरेल इतके उत्पन्न दाखविले आहे काय, हा दुसरा प्रश्न. २०१९ पासून शपथपत्रात मागील पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणातील उत्पन्न द्यावे लागते. त्यामुळे ही तुलना पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. उत्पन्नाचे मार्गही सांगितले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयात म्हटले आहे. शासनाची देणी आणि शासनाशी असलेले करार यांचे रकाने अखेरीस आणि लक्षपूर्वक पाहावेत. ही शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात. वही घेऊन फलकासमोर उभे राहण्याचे श्रमही आता उरलेले नाहीत.

तथापि काही मर्यादा सांभाळल्याच पाहिजेत. जमिनीची किंमत बाजारभावामुळे वाढते. केवळ आकडा वाढला म्हणजे पैसा खाल्ला, असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. प्रलंबित खटला म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. उमेदवारालाही खासगी जीवन आहे. त्याच्या प्रत्येक लहानसहान वस्तूची यादी मागण्याचा मतदाराला अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच ९ एप्रिल २०२४ च्या निर्णयात सांगितले आहे. शपथपत्र हे प्रश्न विचारण्याचे साधन आहे. निकाल देण्याचे नव्हे. गुरुजींनी आरोप केला नाही, त्यांनी प्रश्न विचारला, आणि म्हणूनच उमेदवाराला अर्धे का होईना उत्तर देणे भाग पडले.

अजून कोरे असलेले रकाने

कायद्याने मोठी वाटचाल केली असली, तरी काही रकाने अजून कोरेच आहेत. शपथपत्र हे निवडणुकीच्या वेळचे असते. निवडून आल्यानंतरच्या पाच वर्षांत, म्हणजे ज्या काळात सत्ता हाती असते नेमक्या त्याच काळात, मतदाराच्या हाती नवी नोंद सहसा येत नाही. संसदेच्या निर्वाचित सदस्यांनी शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत आपली मालमत्ता व देणी सभागृहाच्या प्रमुखांना कळविली पाहिजेत, असा नियम आहे. राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. कोणत्या कंपनीचे संचालकपद आहे, कोणाचा सल्लागार म्हणून मोबदला मिळतो, हे तीत लिहावे लागते. विधेयकावर बोलणारा सदस्य त्या विधेयकात स्वतःच गुंतलेला आहे काय, हे कळावे हा तिचा हेतू आहे. ही पद्धत प्रत्येक विधिमंडळात असावी, ही अपेक्षा वाजवी नव्हे काय? मालमत्तेतील अवाजवी वाढ तपासण्यासाठी कायमस्वरूपी यंत्रणा असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या उपरोक्त निर्णयातच सुचविले होते.

दुसरा कोरा रकाना मतदानाचा आहे. आपल्या सभागृहांत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. कोणी मतविभागणीची मागणी केली तरच कोणी कसे मत दिले, याची नावनिशीवार नोंद होते. एरवी कायदा होतो. परंतु आपल्या प्रतिनिधीने होकार दिला की नकार, हे मतदाराला कागदावर सापडत नाही.

तिसरा रकाना राजकीय पक्षांचा होता. ज्याच्यावर फौजदारी खटले आहेत अशा व्यक्तीलाच उमेदवारी का दिली, याची कारणे पक्षाने प्रसिद्ध केली पाहिजेत आणि केवळ 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालणार नाही, असा आदेश १३ फेब्रुवारी २०२० रोजी झाला. पक्षांना मिळणाऱ्या देणग्यांवरील पडदाही १५ फेब्रुवारी २०२४ रोजी, निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरल्यामुळे, काही अंशी दूर झाला. हे रकाने भरले गेले खरे; पण पक्षांनी दिलेली ती कारणे आपल्यापैकी किती जणांनी वाचली, हे प्रत्येकाने मनाशीच पाहावे.

आपल्या दाराशी

पंचायत सदस्यांना वाटेल की, ही सर्व चर्चा दिल्ली-मुंबईची आहे. तसे नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीतही उमेदवाराला शपथपत्र द्यावे लागते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम १४ तर आमदार-खासदारांच्या नियमांपेक्षाही काही बाबतींत कडक आहे. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणारा, मागणी होऊनही मुदतीत पंचायतीचा कर न भरणारा, शासकीय वा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. या तिन्ही गोष्टींचा पुरावा कोठे असतो? पंचायतीच्याच दप्तरात. कंत्राट कोणाला दिले ते ठरावाच्या वहीत, कर थकला की नाही ते वसुलीच्या नोंदीत, घर कोणाच्या नावे व किती जागेवर आहे ते नमुना ८ मध्ये.

गावातील प्रतिनिधीची नोंद तपासण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरणाऱ्या सभेत जमाखर्च वाचला जातो. कसा वाचला जातो, हे आपण सर्व जाणतो. एकूण जमा इतकी, एकूण खर्च इतका, आणि मंजूर. मी सुचवीन की, एकूण रकमेऐवजी कामवार यादी वाचावी: काम कोणते, ठराव कोणत्या सभेचा, सूचक व अनुमोदक कोण, कंत्राटदार कोण, रक्कम किती आणि काम पूर्ण झाले की नाही. हीच यादी पंचायतीच्या फलकावर पुढील सभेपर्यंत राहू द्यावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे अशी माहिती कोणी न मागताही प्रसिद्ध करणे हे पंचायतीचे कर्तव्यच आहे. या बाबतीत आपल्या राज्याला मागे राहण्याचे कारण नाही. केंद्राचा कायदा होण्यापूर्वी तीन वर्षे, २००२ सालीच, महाराष्ट्राने स्वतःचा माहितीच्या अधिकाराचा कायदा केला होता.

काही सरपंच मला म्हणतात, "साहेब, सगळे उघडे केले तर विरोधकांना कोलीतच मिळेल." त्यांची अडचण मी समजू शकतो. मात्र विरोधकाला खरे कोलीत मिळते ते झाकलेल्या दप्तरातून. जे दिसत नाही, त्याविषयी काहीही सांगता येते. प्रामाणिक सरपंचाजवळ स्वतःच्या बचावासाठी दुसरे कोणतेही साधन नसते. त्याच्याजवळ फक्त त्याची वही असते. ती त्याने स्वतःहून उघडावी, यातच त्याचे हित आहे.

अधिकारी बंधूंना एवढेच सांगतो की, मी केलेली चूक आपण करू नये. कागद आहे, सही आहे, शिक्का आहे, एवढ्यावर तपासणी संपत नाही. रकाना भरला आहे काय आणि जे लिहिले आहे त्याला अर्थ आहे काय, हे पाहणे हे आपले काम आहे. फलकावर लावलेला कागद वाचता येईल अशा उंचीवर आणि अशा अक्षरात लावणे, हेही आपलेच काम आहे.

शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या एका तासाला एखादे शपथपत्र वर्गात वाचावे. नाव झाकावे, पक्ष झाकावा, आणि मुलांना एवढेच विचारावे की, यावरून आपण कोणते प्रश्न विचारू शकतो? त्या वर्गातील मुले काही वर्षांत मतदार होतील, काही सदस्य आणि सरपंचही होतील.

ते गुरुजी आज हयात नाहीत. त्यांची वही कोठे आहे, हे मला ठाऊक नाही. मात्र प्रत्येक गावात तशी एक वही असावी आणि ती लिहिणारा एक माणूस असावा, असे मला मनापासून वाटते. कायद्याने नोंदी उघड्या केल्या आहेत. आता त्या वाचणारे हवेत. येत्या ग्रामसभेला जमाखर्च वाचला जाईल, तेव्हा आपणांपैकी एकाने उभे राहून एवढेच विचारावे, "हा रकाना कोरा का?" एवढे झाले, तर आजचे हे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.